बेकरीच्या लाइनसाठी गाडी: छोटा हत्ती, सुपर कॅरी की ईको कार्गो?

खारी_बटर (६ ऑक्टोबर, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

कराडजवळ आमची छोटी बेकरी आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पाव, खारी, बटर, टोस्ट, नानकटाई, आणि ऑर्डर आली तर केक. माल पोचवायला एक तीनचाकी ॲपे आहे. ती पहाटे साडेपाचला निघते, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरपर्यंत जाते आणि दुपारी परत येते. आडवळणाची गावं धरून रोज सव्वाशे किलोमीटर. दुकानं ३८.

ॲपेचं आता वय झालंय. चढाला रडते, ब्रेकचा आवाज येतो, आणि कोयनेकडचा पाऊस तर तुम्हाला माहीत आहेच. ताडपत्री कितीही आवळा, जुलैमध्ये खारी सादळतेच. या वर्षी पावसाळ्यात दुकानदारांनी परत केलेला माल मोजला तर रडू येईल.

सगळं धरून बजेट सात लाख. डोक्यात तीन गाड्या आहेत: टाटाचा छोटा हत्ती (कंपनीचं नाव एस), मारुतीची सुपर कॅरी, नाहीतर त्यांचीच बंद व्हॅन, ईको कार्गो. शोरूमवाला म्हणतो मोठी घ्या, धंदा वाढणार आहे. भाऊ म्हणतो ईको घेऊ, एसी मिळेल. आईचं एकच म्हणणं, पाडव्याला गाडी दारात पाहिजे. म्हणजे २२ तारखेपर्यंत.

चिपळूणच्या एका मोठ्या दुकानदाराने आठवड्यातून एकदा माल मागितलाय, म्हणजे कुंभार्ली घाटही आला. भावाकडे साधं चारचाकीचं लायसन आहे, बॅज (धंद्याची गाडी चालवायची वेगळी परवानगी) नाही. सांगा काय करू.

कोयनाकाठ (७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५)

छोटा हत्ती. विषय संपला. २००५ साली आला तेव्हापासून गावागावात मेकॅनिक त्याच्यावरच शिकलेत. पाटणच्या पुढे गाडी बंद पडली तर सुपर कॅरीचा पार्ट कोण देणार तुला? जून २०२५ मध्ये एस प्रो आली, तेव्हा ३.९९ लाखापासून सुरू होती, ७५० किलो वजन घेते. बजेटात बसून पैसे उरतील.

मसाला_डबा (७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०)

मी नाशिकची. काळा मसाला, मिरची पूड आणि चटण्या आम्ही घाऊक पुरवतो. तीन वर्षांपूर्वी याच तिठ्यावर उभी होते, आणि शोरूमच्या कागदावरचा आकडा बघून भुलले, म्हणून सविस्तर लिहिते.

एक म्हणजे, सुपर कॅरी पेट्रोलला ७४० किलो वजन घेते, पण सीएनजीला ६२५ किलोच. सिलिंडरचं वजन काय हवेत जातं का? मला हे गाडी दारात आल्यावर कळलं. त्यावर आम्ही पत्र्याची बंद बॉडी बांधली. त्या बॉडीचं वजनही त्याच ६२५ मधून वजा. म्हणजे हातात उरले पावणेपाचशे-पाचशे किलो. मिरचीची पोती भरायला लागलं की कधी वर जातो समजत नाही. एकदा जास्त वजनात पकडले तर कायद्यात दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर दर जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा तो खर्च आपलाच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. कागदावर हौद्याचं माप लिहिलेलं असतं. बंद बॉडीच्या *आतलं* माप वेगळं. पत्रा, त्यामागचे अँगल, आतून प्लायवूड, दाराची चौकट, असं करत दोन्ही बाजूंनी दोन-अडीच इंच जातात. तुझे क्रेट कोणत्या मापाचे आहेत ते आधी सांग. जमिनीवर खडूने चौकट आख आणि त्यात खरेखुरे क्रेट मांडून बघ. मग गाडीचं बोलू.

जुना_गिअर (७ ऑक्टोबर, रात्री ९:०५)

पोरा, बत्तीस वर्षं गाडी चालवली. कुंभार्लीतनं तर डोळे मिटून (तसं करू नको).

ह्या तिन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या शिटाखाली आणि ताकद मागच्या चाकाला. चढाला भरलेली गाडी मागची चाकं दाबून धरते, त्यामुळं ओढतात बरं. खरं काय, शिटाखाली इंजिन म्हंजी ढुंगणाला शेकोटी. केक मागं ठेव, पुढं ठेवशील तर चिपळूणला पोचेस्तोवर क्रीमची लस्सी हुईल. सीएनजीवर घाटात गाडी जरा मंदावती, दुसऱ्या गिअरला घे आणि घाई करू नको. पाटणच्या पुढं मी सीएनजीच्या भरवशावर कधी राहत न्हाई, पेट्रोल टाकीत असलं पायजे.

कंपनी ॲव्हरेज सांगती त्यातनं पाच-सहा वजा कर आणि मग हिशोब धर.

आणि एक इचारतो. ३८ दुकानं म्हणलास. म्हंजी रोज ३८ वेळा उतरायचं, माल काढायचा, परत बसायचं. हौदावाल्या गाडीला माल मागनं निघतो. पाटणला स्टँडसमोर सकाळी गाडी लावून मागं जायाला जागा असती का रे?

खारी_बटर (८ ऑक्टोबर, रात्री ११:२०)

काका, नसते. ॲपे निम्मी रस्त्यावर उभी करून, मागून एसटी हॉर्न मारत असताना आम्ही क्रेट ओढतो.

मसाला_डबा ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. क्रेट ६० बाय ४० सेंटिमीटरचे, उंची २२. बेकरीच्या मागच्या अंगणात सुपर कॅरीच्या हौद्याची चौकट आखली, २१८ बाय १४९. आधी सगळे क्रेट आडवे लावले तर थरात १० बसले. मग भावाने शक्कल लढवली. एक रांग आडवी, पाच क्रेटची, आणि शेजारी दोन रांगा उभ्या, तीन-तीनच्या. ११ बसले! ६० अधिक ४० अधिक ४०, रुंदी १४०. सहा थर धरले तर ६६ क्रेट. आम्ही दोघं एकदम खूश.

मग आठवलं, आतलं माप. बॉडी बिल्डरला फोन लावला. तो म्हणाला, "आत १४० नाही भरणार साहेब, १३७-१३८ धरा." तीन सेंटिमीटरसाठी अकरावा क्रेट गेला. ताई, तुम्हाला साष्टांग.

वजनही केलं. ॲपे भरून काट्यावर नेली, परत येऊन रिकामी नेली. फरक २९० किलो. क्रेट ४६ होते, एक क्रेट १ किलो ८०० ग्रॅमचा. म्हणजे माल २०७ किलो. मला वाटत होतं ५०० तरी असेल!

हिशोबी_राव (९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०)

गाडी कुठली ते इतर सांगतील, मी कागदाचं सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. करापूर्वीची किंमत चार लाख असेल तर सरळ चाळीस हजारांचा फरक. जुन्या कोटेशनवर सही करू नका, नवं मागा. उलट बाजूने, १ जुलै २०२५ पासून राज्यात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागतो. आधी तो वजनावर होता आणि बराच कमी पडायचा. ऑन रोड आकड्यात तो धरलाय का ते विचारा.

पाच सीटची ईको आणि ईको कार्गो दिसायला भावंडं असली तरी जीएसटीच्या नजरेत वेगळी आहेत. माल वाहण्याच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (आपण भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळतं, माणसं बसण्याच्या गाडीवर (१३ सीटपर्यंत) धंद्यासाठी घेतली तरी सहसा मिळत नाही. मात्र पाव-ब्रेडवर जीएसटी शून्य असल्याने तेवढ्या हिश्शाचं क्रेडिट सोडावं लागेल. आयकरात घसाऱ्याचा (गाडीची किंमत दर वर्षी घटते त्याच्या वजावटीचा) दर १५ टक्के, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. पाडव्याला घेतलीत तर या वर्षी निम्माच.

तीन टनांच्या आतल्या गाडीला परमिट लागत नाही. लायसनची काळजी सोडा, ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते.

तुम्ही जीएसटीच्या नेहमीच्या पद्धतीत आहात की कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के भरायचे, क्रेडिट नाही)?

खारी_बटर (९ ऑक्टोबर, सकाळी ९:१०)

कंपोझिशन. आयकरही गृहीत नफ्यावर भरतो.

हिशोबी_राव (९ ऑक्टोबर, सकाळी ९:१४)

मग क्रेडिटही नाही आणि घसाराही वेगळा मिळत नाही. माझा निम्मा प्रतिसाद तुमच्या कामाचा नाही. असो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. पाडव्याला घ्या खुशाल.

शनिवारपेठी (९ ऑक्टोबर, दुपारी ४:०२)

एवढं कशाला? पाच सीटची साधी ईको घ्यायची, मागची सीट काढायची, पांढऱ्या पाटीवर माल न्यायचा. विमा कमी, दर दोन वर्षांनी पासिंगची कटकट नाही. आमच्या गल्लीत निम्मे लोक हेच करतात. रविवारी सीट लावून ज्योतिबाला पण जाता येतं.

निळी_ताडपत्री (९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५)

शनिवारपेठी, तुमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजून अपघात झालेला नाही एवढाच याचा अर्थ.

माझ्या मावसभावाने अगदी हेच केलं होतं. फरसाणाचा धंदा, पांढरी पाटी, मागची सीट माळ्यावर. एका पावसात गाडी घसरून शेतात गेली. तो बचावला, गाडीचा चुराडा. विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा शेतात सगळीकडे शेव पसरलेली. त्याने आधी तिचे फोटो काढले, गाडीचे नंतर. खासगी विमा, गाडीत विक्रीचा माल, सीट काढलेली आणि आरसीवर त्याची नोंद नाही. दावा नामंजूर. दोन वर्षं खेटे घालून शेवटी गाडी भंगारात दिली आणि हप्ते मात्र पुढे भरत राहिला.

पिवळ्या पाटीचा विमा महाग असतो हे खरं. पण एक विचारून घ्या. स्वतःचाच माल वाहणारी गाडी आणि भाड्याने दुसऱ्याचा माल वाहणारी गाडी यांचे दर वेगळे असतात. एजंट न विचारता भाड्याच्या दरात टाकतात. उलट, स्वतःच्या मालाचा विमा काढून परतीला दुसऱ्याचं भाडं भरलंत तर तोच शेवेचा प्रकार.

बॉडी बांधली तर तीही आरसीवर चढवून घ्या.

शनिवारपेठी (९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०)

माघार. ज्योतिबाला एसटीने जाऊ.

बॅटरी_बाबा (१० ऑक्टोबर, सकाळी १०:००)

इलेक्ट्रिकचं नाव कुणीच काढलं नाही? पुण्यात आमच्या लाँड्रीच्या दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत. टाटाच्या एस इव्हीत २१.३ युनिटची बॅटरी असते. युनिट १० रुपये धरलं तरी पूर्ण चार्ज सव्वादोनशे-अडीचशेत. तेवढ्यात सव्वाशे किलोमीटर झाले तर पेट्रोलवाले हात जोडतील.

*झाले तर.* आमच्या गाड्या दिवसाला साठ किलोमीटर फिरतात, सपाटीवर. तुझी लाइन सव्वाशेची, चढाची, आणि पाटणच्या पुढे पाऊस आणि वीज यांचं नातं तू जाणतोसच. कागदावरचा दीडशेचा आकडा भरल्या गाडीला चढावर मिळत नाही. इलेक्ट्रिकचा मी भक्त आहे, पण तुला आत्ता घे म्हणणार नाही. गावातल्या गावात दुसरी लाइन काढशील तेव्हा जरूर ये.

लेस्टरचा_पाहुणा (१० ऑक्टोबर, दुपारी ३:३५)

इथे इंग्लंडमध्ये मी डब्यांचा व्यवसाय करतो. मसाला_डबा यांचा मुद्दा इथेही तंतोतंत. साध्या लायसनवर गाडी, माल, माणूस मिळून साडेतीन टन. लोक हौसेने आत लाकडी फळ्या, कप्पे, फ्रीज बसवतात आणि मग भाजी भरायला वजनच उरत नाही. बाकी तुमच्या त्या खडूच्या चौकटीचा फोटो टाका, बायकोला दाखवायचाय.

रिकामा_हौदा (१० ऑक्टोबर, रात्री १०:१८)

मी सांगलीला पाणी आणि कोल्ड्रिंकचं वितरण केलंय बारा वर्षं, त्यामुळे क्रेट बघितला की हात शिवशिवतो.

खारी_बटर, तुमच्याच आकड्यांकडे परत बघा. २०७ किलो माल, ४६ क्रेट. म्हणजे क्रेटला साडेचार किलो. एवढ्या क्रेटमध्ये पाव नीट रचले तर आठ किलोच्या आसपास बसायला हरकत नाही. खारी हलकी हे मान्य, पण तरी. तुमचे क्रेट अर्धे रिकामे जातात का?

आणि दुसरं: दुकानात क्रेट ठेवून येता की माल काढून देता? ठेवून येत असाल तर आदल्या दिवशीचा रिकामा क्रेट उचलून आणता, बरोबर? मग तुमची गाडी कोयनानगरला पोचली तरी ४६ क्रेटनी भरलेलीच. ती दिवसभरात रिकामी होतच नाही.

तुम्ही गाडी मालासाठी शोधत नाही आहात. हवेसाठी शोधताय.

मसाला_डबा (१० ऑक्टोबर, रात्री १०:४०)

हे जबरदस्त आहे. मीही उद्या आमच्या पोत्यांकडे नव्याने बघणार.

खारी_बटर (११ ऑक्टोबर, पहाटे ४:५०)

भट्टी पेटवली आणि हे वाचलं. भावाला हाक मारून वाचायला दिलं. तो पाच मिनिटं काही बोलला नाही.

वडिलांच्या वेळेपासून पद्धत अशी: दुकानागणिक एक क्रेट, त्यावर खडूने दुकानाचं नाव. मोठ्या आठ दुकानांना दोन. ३८ अधिक ८, ४६. त्यात दोन लाद्या असोत नाहीतर दहा, क्रेट एक. लहान वाड्यांवरच्या दुकानांचे क्रेट पाव भरलेले असतात. पाव म्हणजे एक चतुर्थांश, आपला पाव नव्हे.

आणि हो, रिकामे परत आणतो. वर्षाला पंधरा-वीस क्रेट येतच नाहीत. मल्हारपेठच्या एका दुकानात आमच्याच क्रेटमध्ये टोमॅटो विकायला ठेवलेले मी स्वतः पाहिलेत.

जुना_गिअर (११ ऑक्टोबर, सकाळी ८:२२)

ह्ये बघ, आता गाडी घेऊ नको. आधी आठ दिस भाड्याची लाव. कराडात छोटा हत्ती डायवरसकट दिवसावर मिळतोय. तुझ्याच लाइनवर फिरव. कुणा ओळखीच्याची ईको मिळाली तर दोन दिस ती पण फिरव. घड्याळ लाव. गाडी शोरूमात कळत न्हाई, तिसऱ्या दिवशी कंबर दुखाय लागल्यावर कळती.

कोयनाकाठ (११ ऑक्टोबर, सकाळी ११:००)

पाडवा अकरा दिवसांवर आलाय आणि तुम्ही त्याला प्रयोग करायला सांगताय. छोटा हत्ती घे रे बाबा.

खारी_बटर (१७ ऑक्टोबर, रात्री ११:४५)

अहवाल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

रविवारी बसून मालाची पुन्हा मांडणी केली. आता दुकानाचा क्रेट नाही, मालाचा क्रेट. पावाचे वेगळे, बटर-टोस्टचे वेगळे, दुकानात माल मोजून द्यायचा, क्रेट गाडीतच. ४६ चे ३० झाले. खारी-नानकटाईचे बंद पुडे पोत्यात, क्रेटच्या वर.

सोमवार ते बुधवार भाड्याचा छोटा हत्ती. गाडी ओढते छान, तक्रार नाही. ३० क्रेट हौद्यात असे दिसत होते जणू मंगल कार्यालयात चारच पाहुणे. मागचा फाळका पाडायचा, वर चढायचं, क्रेट पुढे ओढायचा, माल काढायचा, उतरायचं, फाळका लावायचा. पहिल्या दिवशी शेवटच्या दुकानापर्यंत सहा तास पाच मिनिटं. भावाने तिसऱ्या दिवशी खरंच कमरेला बाम लावला. हेळवाकला पाऊस लागला, ताडपत्री ओढेपर्यंत वरची दोन पोती भिजली. ऑक्टोबरमध्ये!

गुरुवारी-शुक्रवारी मित्राची ईको कार्गो आणली. तो स्टेशनरी पुरवतो. मापं घेतली. मागच्या चाकांच्या कमानी आड येतात म्हणून खालच्या थरात सातच क्रेट बसतात, आणि उंचीला चार. म्हणजे २८. माझे ३०. पहिल्या सकाळी दोन क्रेट हातात धरून आम्ही दोघं गाडीभोवती फिरत होतो. शेवटी एक क्रेट मोडून माल वरच्या फटीत सरकवला आणि एक ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवला, शिटाखालच्या शेकोटीवर. टोस्टच होते, आणखी कुरकुरीत झाले.

पण दार! डावीकडचं सरकतं दार. पाटणला गाडी कडेला लावली, फुटपाथच्या बाजूने दार सरकवलं, उभ्या उभ्या माल काढला, दार लावलं, निघालो. कुणी हॉर्न मारला नाही. पाच तास वीस मिनिटं. त्यात नव्या पद्धतीने दुकानात माल मोजून द्यायचा वेळ धरलाय, आणि तो कमी नाही. तीन-चार दुकानदार कुरकुरलेही, "एवढ्या वर्षांत मोजलं नाही, आता काय विश्वास उडाला का?" एकाने मात्र मोजल्यावर सांगितलं की बरं झालं, दर आठवड्याला दोन लाद्या कमी येत होत्या. आम्हाला वाटायचं तो खोटं बोलतो, त्याला वाटायचं आम्ही.

आता अडलंय ते चिपळूणवर. आठवड्यातून एकदा ४०-४५ क्रेट आणि केक. ईकोत एका फेरीत बसणार नाहीत. त्यासाठी सुपर कॅरीला बंद बॉडी आणि डावीकडे दार असं करून घ्यावं का? बिल्डर बाजूचं दार करून देतो म्हणतोय.

रिकामा_हौदा (१८ ऑक्टोबर, सकाळी ७:५०)

आठवड्यात सहा दिवस ३० क्रेट, एक दिवस ४५. सहा दिवसांची गाडी घ्या, एका दिवसाची भाड्याने आणा. चिपळूणच्या दुकानदाराने अजून पहिलं बिलही चुकतं केलेलं नाही आणि तुम्ही त्याच्यासाठी गाडीची बॉडी बांधताय. त्याची ऑर्डर सहा महिने टिकली, तर तेव्हाचं तेव्हा.

मसाला_डबा (१८ ऑक्टोबर, सकाळी ९:३०)

मी थोडं वेगळं म्हणेन. माझ्या गाडीला बाजूचं दार आहे आणि ते मला फार उपयोगी पडलं. माल जड असता तर मी तुला सुपर कॅरीच सांगितली असती. पण तुझा माल कापूस आहे, २०७ किलो! ईको अर्धा टन सहज घेते, तुझ्या मालाने तिचे पाटे दबणारही नाहीत. आत जमिनीला जाड व्हिनाइल अंथर, रोज पुसता येईल. लाकडी फळ्या नको, कोपऱ्यात पावाचा चुरा साठला की झुरळं होतात.

निळी_ताडपत्री (१८ ऑक्टोबर, दुपारी १:१५)

वापरलेली बघणार असाल तर बँकेने ओढून आणलेल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण थकलेली ई-चलनं, पासिंगची तारीख आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का हे बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला पासिंग दर वर्षी.

खारी_बटर (१८ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

जुनी नाही घेत. आईला पाडव्याला हार घालायला जुनी गाडी चालणार नाही, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नसावी.

खारी_बटर (२३ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

ईको कार्गो, सीएनजी, पांढरा रंग, पिवळी पाटी, एमएच ५०. शोरूममध्ये तीन तास रांग होती, सगळ्यांनाच पाडव्याला गाडी हवी. संध्याकाळी सातला दारात आली. आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू, आणि वडील सगळ्यांची नजर चुकवून मागे जाऊन दार सरकवून बघत होते. चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं.

आज पहिली लाइन केली. सिलिंडर मित्राच्या गाडीत नव्हता, त्याची पेट्रोल होती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतकं मोजून शेवटी इथेच फसलो. बसले २६ क्रेट. उरलेले पाव कापडी पिशव्यांत भरून वरच्या फटीत घातले आणि चाललं. रिकामा_हौदा म्हणतील अजून हवा आहे. आहे, शोधतोय. लादी कागदात गुंडाळायची पद्धत बदलली तर आणखी दोन क्रेट वाचतील असं भावाचं म्हणणं आहे.

कोयनानगरला पोचलो तेव्हा गाडीत खरोखर रिकामी जागा दिसत होती. परतीला वडिलांनी मल्हारपेठला गाडी थांबवून टोमॅटोवाल्या दुकानातून आमचे पाच क्रेट आणले.

चिपळूणला रविवारी भाड्याचा टेम्पो जाणार आहे. कोयनाकाठ, छोटा हत्तीच आहे.

कोयनाकाठ (२३ ऑक्टोबर, रात्री ९:४१)

म्हटलं नव्हतं? अभिनंदन. पेढे कुठेत?

जुना_गिअर (२४ ऑक्टोबर, सकाळी ६:१०)

झ्याक. पयल्या सर्विसिंगला मागच्या ब्रेककडं ध्यान दे, थांबून थांबून ब्रेक लवकर झिजत्यात. आन ॲपे इकणार आसशील तर सांग, पुतण्याच्या रोपवाटिकेला पायजे. रोपं भिजली तरी चालत्यात.

खारी_बटर (२४ ऑक्टोबर, सकाळी ६:२५)

काका, ब्रेकचा आवाज येतो हे सांगितलंय आधीच. बघायला या, पेढे पण घेऊन जा. कोयनाकाठ यांचे पण त्यातच द्या.